सबनीस मॅडम आणि मागचं दार

हल्ली आमच्या घरात दिवसभर मोबाइलची टिंगटिंग चालू असते. पाणी प्या, चाला, हप्ता भरा, पासवर्ड बदला. मुलगा, सून, नातू, सगळे ती टिंगटिंग अंगठ्याने बाजूला सारतात, वाचतसुद्धा नाहीत. परवा गॅसच्या नळीची मुदत संपल्याची आठवण आली, ती मुलाने जेवता जेवता अशीच पुसून टाकली आणि मी ताटावरूनच ओरडलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सुनेने उठून पंखा वाढवला. निवृत्त माणसाचा पारा चढला की घरचे लोक पंखा वाढवतात, हे मला आता कळून चुकलंय. पण त्या क्षणी मला सबनीस मॅडम आठवल्या होत्या, आणि त्या आठवल्या की मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी तो राग निवलेला नाही आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी टाइम ऑफिसात होतो. प्रोसेस हाउस म्हणजे कोऱ्या कापडाला रंगवून, छापून, त्याच्या साड्या घड्या घालून बाहेर काढणारा कारखाना. सगळे त्याला मिलच म्हणत. माझी खिडकी फाटकाला लागून होती. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड माझ्यासमोर पंच व्हायचं. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. एक दिवस त्या खिडकीसमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला रेक्झिनची भलीमोठी पर्स. मी नाव विचारायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, “हे फाटक आतून उघडतं की बाहेरून?”

“दोन्हीकडून,” मी म्हटलं.

“कुलूप असतं?”

“रात्री असतं.”

“चावी?”

“वॉचमनकडे.”

“आणि त्याला डुलकी लागली तर?”

“मॅडम, आपण कोण?”

“नलिनी सबनीस. कॉम्प्युटरवर आलेय. पण मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही.”

आमची ओळख झाली ती अशी.

त्या मूळच्या नाशिकच्या. यजमान बँकेत, त्यांची बदली सुरतेला झाली म्हणून या आल्या. नाशकात त्या एका विमा सर्व्हेअरच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. कुठे आग लागून गेली की तो सर्व्हेअर जायचा, राख बघायचा आणि परत येऊन अहवाल सांगायचा. मॅडम टाइप करायच्या. कधी गोदाम, कधी गिरणी, कधी नाटकाचा मांडव. नावं बदलायची, पण एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, की मागचं दार बाहेरून बंद होतं. “अहो पवार,” मॅडम मला म्हणाल्या होत्या, “शेवटी शेवटी ते वाक्य साहेबांनी सांगायच्या आधीच माझ्या बोटांतून उतरायचं. तेव्हा मी ती नोकरी सोडली आणि कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. आग लागल्यानंतरचे कागद पुष्कळ टाइप केले. आता आधीचे करायचेत.”

त्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी दारं मोजायची, मग प्रत्येक दाराची कडी हलवून बघायची. थिएटरात त्या सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्याशेजारच्या दाराला धक्का देऊन यायच्या. हळदीकुंकवाला गेल्या तरी वाण घ्यायच्या आधी यजमानीणबाईंना विचारायच्या, “स्वयंपाकघरातून बाहेर जायला वाट आहे ना हो?” कॅन्टीनच्या गोड डाळीवर त्यांचा असाच कायमचा राग. पर्समधून हिरवी मिरची काढायच्या, चावायच्या आणि आचाऱ्याकडे असं बघायच्या, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी आणखी गूळ घालायचा. त्याच पर्समध्ये एक गजराचं घड्याळ असायचं, मिटता येणारं, लाल डबीतलं. कुठलंही रोजचं काम त्या डोक्यात ठेवत नसत, घड्याळात ठेवत. मीटिंगमध्ये, देवळात, बसमध्ये, कुठेही ते कर्कश्श वाजायचं. लोक दचकायचे. मॅडम शांतपणे ते बंद करायच्या आणि ते काम करायला उठायच्या.

आमच्या मराठी मंडळाचा एका वर्षीचा गणेशोत्सव मला आठवतो. भाड्याने घेतलेला हॉल, पुढे स्टेज, स्टेजवर कोणी पाहुणे भाषण करत होते. हॉलच्या मागच्या दाराशी मंडपवाल्याने जास्तीच्या खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती, पार छतापर्यंत. मॅडमचं लक्ष भाषणात नव्हतंच. त्या उठल्या, पदर खोचला आणि एकेक खुर्ची ओढायला लागल्या. लोखंडी खुर्च्या, फरशीवर असा काही आवाज निघाला की पाहुण्यांना थांबावं लागलं. अध्यक्ष तणतणत आले. “वहिनी, हे काय चाललंय? गणपतीसमोर शोभतं का?”

“गणपती मातीचा आहे,” मॅडम म्हणाल्या, “त्याला जळायची भीती नाही. ही पोरंबाळं बसलीत ती मातीची नाहीत. चला, हात लावा.” अध्यक्षांनी मुकाट्याने हात लावला. सबनीससाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, माझ्या शेजारी बसले होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, “तिला थांबवण्यात अर्थ नाही. मी बोहल्यावर प्रयत्न करून पाहिलाय.”

मिलमध्ये त्यांना आणलं होतं ते बिलं आणि स्टॉक यांच्या प्रोग्रामसाठी. पण विमावाल्यांनी शेठना सांगितलं, की तुमच्याकडे रोजच्यारोज धोक्याची तपासणी होते असं दिसलं तर हप्ता कमी होईल. शेठने लगेच मॅडमना बोलावलं आणि एक नवा प्रोग्राम करायला सांगितला. मॅडमनी त्याचं नाव ठेवलं ‘याद’. काळा पडदा, हिरवी अक्षरं, तो जमाना. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच रोज, वाळूच्या बादल्या आठवड्याला, आग विझवायची नळकांडी महिन्याला. ज्याची त्याची वेळ झाली, की कॉम्प्युटर आपण होऊन बीप करायचा आणि पडद्यावर रोमन अक्षरांत गुजराती ओळ यायची. खाली प्रश्न यायचा, ‘कोणे जोयुं?’, म्हणजे कोणी पाहिलं? तिथे पाहणाऱ्याचं नाव टाइप केल्याशिवाय ती ओळ हलायची नाही आणि बिलंही निघायची नाहीत.

हे झालं विमावाल्यांनी सांगितलेलं. मॅडम तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या मिलभर हिंडल्या आणि प्रत्येक खात्यात एकच प्रश्न विचारत सुटल्या, “तुम्हाला इथे भीती कसली वाटते?” मी इतक्या ठिकाणी नोकऱ्या केल्या, पण कामगाराला हा प्रश्न विचारणारा माणूस मला ना आधी भेटला ना नंतर. रंगखात्यातल्या माणसाने ॲसिडच्या कॅनबद्दल सांगितलं, वायरमनने एका उघड्या बोर्डाबद्दल. मॅडमनी प्रत्येकाच्या भीतीची एक ओळ केली आणि तिला वेळ लावून दिली.

फोल्डिंगमध्ये सगळ्या बायका होत्या. वरच्या मजल्यावर एक लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना साड्यांचे ढीग, मधे बसून बायका घड्या घालायच्या. बहुतेक आमच्या खानदेशच्या, गोडादऱ्याला राहणाऱ्या. त्यांची पुढारी केवळबाई, पन्नाशीची, बुटकी, बोलायला खणखणीत. मॅडमनी भीतीचं विचारलं तशी ती म्हणाली, “मांगला दारले कुलूप शे ताई. आग लागनी ते आम्ही कोठे जावानं?”

मॅडमना अहिराणी येत नव्हती, पण एवढं वाक्य त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. फोल्डिंगला पुढून जिना होता, तो खालच्या स्टेंटर मशीनच्या अंगावरून जायचा. स्टेंटर म्हणजे कापड तापवून सुकवणारं अजस्र मशीन, आग लागायची तर तिथेच. मागे एक लोखंडी जिना होता आणि त्याच्या दाराला बाहेरून कुलूप. कारण काय, तर म्हणे बायका त्या वाटेने साड्या लांबवतात. चावी मॅनेजर देसाईंच्या पँटच्या खिशात. देसाई हा गोड बोलणारा, पांढऱ्या सफारीतला माणूस. कोणाला कधी दुखवायचा नाही आणि कोणासाठी कधी बोटही उचलायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ‘याद’मध्ये रोज पाळी सुरू होताना एक ओळ यायला लागली. फोल्डिंगचं मागचं दार उघडं आहे का? कोणे जोयुं?

कॉम्प्युटरची केबिन म्हणजे मिलमधलं देवघरच होतं. चपला बाहेर काढायच्या, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक, दिवाळीला त्याची पूजा. तिथे हसमुख नावाचा ऑपरेटर बसायचा. मॅडमनी आठवड्याभराने नोंदी काढून बघितल्या. दाराच्या ओळीपुढे, कोणी पाहिलं, तर रोज एकच नाव होतं. अंबे मा.

मॅडम तरातरा देसाईंच्या केबिनमध्ये शिरल्या. मी हजेरीचे आकडे घेऊन तिथेच उभा होतो. देसाई जराही ओशाळले नाहीत. मला वाटतं त्यांना त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. हात जोडून म्हणाले, “नलिनीबेन, एमां खोटुं शुं छे? माताजी बद्धुं जुए छे.”

मॅडमची गुजराती म्हणजे हिंदीची सावत्र बहीण. त्या म्हणाल्या, “माताजी सब देखती है ना? तो फिर कुलूप कायको लगाया? चोर के ऊपर भी माताजी कोच बिठाओ.”

देसाई हसले. तोच त्यांचा धंदा, हसणं. मॅडमनी त्याच दिवशी प्रोग्राम बदलला. आता हजेरीपटावरचं नाव टाकलं तरच ओळ हलायची. मग हसमुखने बारडोलीला निघून गेलेल्या एका जुन्या वॉचमनचं नाव टाकायला सुरुवात केली. मॅडमनी माझ्याकडून रोजची हजेरी घेतली आणि त्या दिवशी कार्ड पंच झालेल्या माणसाचंच नाव चालेल असं केलं. खोट्यासाठी आपलं नाव द्यायला हजर माणूस कोणी तयार होईना. मग देसाईंनी बीपची वायरच काढायला लावली. मॅडमनी ती जोडली आणि ओळ अर्ध्या अर्ध्या तासाने येईल असं केलं. मग हसमुख बीप झाला की मॉनिटरवर त्याचं कापडी आवरण टाकायचा, बाळाच्या पाळण्यावर दुपटं टाकावं तसं, आणि बिलं हाताने लिहायचा. हे सगळं चाललं होतं एका दाराचं कुलूप उघडू नये म्हणून. खिशात हात घालून चावी काढायला जेवढे श्रम पडले असते, त्याच्या शंभरपट अक्कल ती न काढण्यात खर्च झाली. आणि या लोकांना आम्ही साहेब म्हणायचो.

शेवटी मॅडमनी ती ओळच बदलली. दिल्लीची एक मोठी पार्टी आली होती. शेठ त्यांना कौतुकाने कॉम्प्युटर दाखवत होते, एवढ्यात बीप झाला आणि पडद्यावर आलं, ‘फोल्डिंगनुं पाछळनुं बारणुं बंध छे. चावी देसाईसाहेबना खिस्सामां छे.’ बारणुं म्हणजे दार. पार्टी मोठ्याने हसली. देसाईंचा हात नकळत खिशाकडे गेला, आणि शेठच्या कपाळावर आठी चढली.

पार्टी गेल्यावर शेठने मॅडमना बोलावलं. शेठ आवाज चढवत नसत. “नलिनीबेन, प्रोग्राम सरस छे. आ एक लाइन काढी नाखो.”

“लाइन मैं नहीं काढेगी, शेठ. बारणुं खोलो, लाइन अपने आप जाएगी.”

“माल चोरी थाय तो कोण जवाबदार?”

“और बाई लोग जल गया तो कोण जवाबदार? उसका भी नाम डालने का खाना है प्रोग्राम में. आपका डालूं?”

झालं. पुढच्या महिन्यात शहरातून एक टाय लावलेला मुलगा आला आणि त्याने ‘याद’ दुरुस्त करून दिली. दुरुस्त म्हणजे काय, तर आता कुठलंही बटण दाबलं तरी ओळ जायची. नाव नको, गाव नको. हसमुख स्पेसबारवर कोपर टेकून चहा प्यायचा आणि धोक्यामागून धोके टळत जायचे. विमावाले येऊन ते बघून गेले, खूश झाले, हप्ताही कमी झाला. मॅडमना सांगितलं, की प्रोग्राम पूर्ण झाला, आता रोज यायची गरज नाही. त्या बातमीने माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडम मात्र शांतपणे पर्स उचलून निघाल्या. जाताना खिडकीशी थांबून म्हणाल्या, “पवार, सकाळची पाळी सातलाच ना अजून?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मॅडम छत्री घेऊन उभ्या. शहरातून पहिली बस पकडून आल्या होत्या. पर्समधलं घड्याळ वाजलं. तेवढ्यात देसाईंची गाडी आली, फाटक उघडेपर्यंत थांबली. मॅडम पुढे झाल्या, काचेवर टकटक केलं आणि विचारलं, “देसाईसाहेब, मागचं दार?”

देसाई हसले, हात जोडले, गाडी आत गेली. मॅडम परतीच्या बसला जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या रोज आल्या. एकही शब्द जास्त नाही, शिवी नाही, घोषणा नाही. फक्त, “देसाईसाहेब, मागचं दार?” ड्रायव्हर लोकांची करमणूक झाली. त्यांना बघितलं की कोणीतरी तोंडाने बीप करायचं आणि सगळे खिदळायचे. देसाई काचा वर करून यायला लागले. तरी ओठांची हालचाल दिसायचीच. रस्त्यावर चिखल होता तेव्हाही त्या होत्या आणि थंडी पडायला लागली तेव्हाही होत्या. मी एकदा न राहवून म्हटलं, “मॅडम, तुमचा पगार नाही, संबंध नाही, कशाला जिवाला त्रास करून घेता?”

“संबंध नाही कसा? लाइन अजून आहे,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरमधून काढली, म्हणून माझ्याकडे आली.”

मग एक दिवस त्या आल्या नाहीत. ताप होता, ते मला नंतर कळलं. देसाईंची गाडी आली, काच खाली होती, चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. फोल्डिंगच्या बायका नेमक्या त्याच वेळी कार्ड पंच करत होत्या. त्यांनी इतके दिवस रोज तो प्रश्न येता जाता ऐकला होता. केवळबाईने रस्त्याकडे बघितलं, छत्री दिसली नाही. ती सरळ गाडीपाशी गेली.

“साहेब,” ती म्हणाली, “मांगलं दार?”

देसाईंनी तिला हाताने बाजूला व्हायची खूण केली. केवळबाई बाजूला झाली, मिलमध्ये गेली आणि फोल्डिंगच्या जिन्यावर पहिल्याच पायरीवर बसली. तिच्यामागून सगळ्या बसल्या. मुकादम ओरडला, सुपरवायझरने हात जोडले. केवळबाईचं एकच, “पहिले दार उघाडा, मंग आम्ही वर जासूत.”

लग्नसराईचा माल त्या दिवशी ट्रकमध्ये भरायचा होता. बायका बसून राहिल्या तर ट्रक रिकामा जाणार. देसाईंनी दुपारच्या आत खिशातून चावी काढली आणि स्वतः जाऊन कुलूप उघडलं. त्यांच्या मनात दया उपजली असं कोणी समजू नये. ट्रक उभा होता, एवढंच. मी मॅडमना बँकेत फोन करून सबनीससाहेबांकरवी निरोप दिला. मॅडमनी दोन दिवसांनी येऊन, आत जायची परवानगी नसताना, मागच्या गल्लीतून तो लोखंडी जिना चढून दाराला धक्का देऊन बघितला. दार उघडं होतं. “गेली लाइन,” त्या मला म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबल्या.

आग लागली ती त्यानंतर, ऐन थंडीत, भर दुपारी. स्टेंटरच्या धुराड्यात साचलेल्या कापडाच्या भुशाने पेट घेतला आणि पुढचा जिना बघता बघता काळ्या धुराने भरला. मी फाटकातून धावलो. वर बघतो तर फोल्डिंगच्या बायका मागच्या लोखंडी जिन्यावरून एकामागून एक उतरत होत्या, पदर तोंडाला लावून, खोकत. केवळबाई सर्वांत शेवटी आली. एकीचा हात भाजला होता, बाकी सगळ्या धडधाकट. सगळ्या उतरल्यावर थोड्याच वेळात वरचं छत आत कोसळलं. त्या दिवशी ते दार बंद असतं तर काय झालं असतं, ते टाइप करायला नाशकातल्या कोणा टायपिस्टला फार वेळ लागला नसता.

तुम्हाला वाटेल, आता तरी या लोकांचे डोळे उघडले असतील. माझाही तोच समज होता. नवं छत पडलं, फोल्डिंग परत सुरू झालं आणि देसाईंनी मागच्या दाराला नवं, पहिल्यापेक्षा मोठं कुलूप आणलं. कारण काय, तर आगीच्या गडबडीत साड्यांचे काही गठ्ठे त्या वाटेने गायब झाले होते. ज्या वाटेने बायका जिवंत बाहेर आल्या, त्या वाटेने यांना फक्त गठ्ठे गेलेले दिसले. आणि पुन्हा कोणी जिन्यावर बसू नये म्हणून केवळबाईला उचलून खालच्या गोदामात टाकलं, बाकीच्या बायकांना कंत्राटदाराच्या हाताखाली दिलं.

यावर कळस म्हणजे ती ढाल. कारखानदारांची एक संघटना होती. तिने सुरक्षिततेसाठी आमच्या मिलला ढाल जाहीर केली. कशासाठी, तर कॉम्प्युटरवर धोक्याची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था बसवल्याबद्दल, आणि तिच्यामुळे आगीत एकही जीव न गेल्याबद्दल. ढाल घेणार होते देसाई.

समारंभ शहरातल्या एका हॉलमध्ये होता. टाळ्या वाजवायला मिलच्या बसमधून फोल्डिंगच्या बायकांना आणलं होतं, गोदामातली केवळबाईसुद्धा त्यांत होती. वाचलेल्या बायका दाखवायला नकोत का? आणि त्यांच्याच रांगेत, कोणी न बोलावता, मॅडम येऊन बसल्या होत्या. अर्थात हॉलची दारं तपासून. मी त्यांच्या लगेच मागच्या रांगेत होतो. स्टेजवर सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर पाहुणे म्हणून बसले होते, साधा, चेहऱ्याने थकलेला माणूस. देसाई माइकवर उभे राहिले आणि बोलायला लागले, की अमारा माटे कारीगरनी सलामती एटले पूजा, म्हणजे कामगाराची सुरक्षितता हीच आमची पूजा. ‘याद’चं नाव घेतलं. मॅडमचं नाव नाही घेतलं.

मॅडम हे सगळं गुपचूप ऐकत होत्या. मधेच त्या केवळबाईकडे झुकल्या आणि सहज विचारल्यासारखं त्यांनी काहीतरी विचारलं. केवळबाईने मान हलवली. “कुलूप परत लाई दिन्हं, ताई,” ती म्हणाली. “माले तठून काढी टाकं.”

मी मॅडमचा चेहरा बाजूने बघत होतो, तो आधी पांढरा झाला आणि मग लाल. त्या उभ्या राहिल्या. देसाईंचं वाक्य अर्धं होतं.

“देसाईसाहेब,” मॅडमनी विचारलं, “मागचं दार?”

आवाज मोठा नव्हता. रोज फाटकावर असायचा तेवढाच होता. देसाई थांबले, हसले आणि पुढे बोलायला लागले. तेव्हा केवळबाई उठली. “साहेब, मांगलं दार?” तिच्या शेजारची उठली. मग तिच्यापुढची. हात भाजलेली होती, ती उठली. एकेक करून रांग उभी राहत गेली आणि प्रत्येकीने तेच विचारलं, कोणी जोरात, कोणी तोंडातल्या तोंडात. संघटनेचे लोक धावले, “बेसी जाओ, बेसी जाओ.” कोणी बसलं नाही.

इन्स्पेक्टरांनी माइककडे न बघता देसाईंना विचारलं, “कयुं बारणुं?”

देसाईंचा उजवा हात, दिल्लीची पार्टी हसली होती तेव्हा गेला होता तसाच, आपण होऊन पांढऱ्या पँटच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. सगळ्या हॉलने तो हात बघितला. इन्स्पेक्टरांनी समोरची ढाल टेबलावर थोडी बाजूला सरकवली आणि आपला हात पुढे केला. देसाईंनी चावी काढून त्या हातावर ठेवली.

“तुमच्याकडे नको, साहेब,” मॅडम जागेवरून म्हणाल्या. “तुम्ही वर्षातून एकदा येणार. ती हिच्याकडे द्या, ही तिथे असते. आणि हिला परत फोल्डिंगला घाला.”

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. केवळबाई अनवाणी पायांनी सगळा हॉल ओलांडून स्टेजपाशी गेली, चावी घेतली, पदराच्या टोकाला बांधली, दोनदा ओढून गाठ बघितली आणि परत आली.

तोवर मॅडम खाली बसल्या होत्या. मी मागून वाकून म्हटलं, “मॅडम, जिंकलात तुम्ही.”

त्या वळल्यासुद्धा नाहीत. “कसली जिंकले, पवार. मीच चुकले. उघडलेलं बघितलं आणि विचारायची थांबले. एकदा उघडलं म्हणून दार उघडं राहत नसतं.” बोलता बोलता त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मला वाटलं रुमाल असेल. त्यांनी लाल डबीतलं घड्याळ बाहेर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्टेजवर ढालीचं काय झालं तिकडे ढुंकूनही न बघता, उद्या सकाळच्या पहिल्या बसचा गजर लावला.